हवेवर उभी गाडी

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेला माणूस बायकोला सारखा टाकून बोलत होता. उठावं तर जागा गेली असती, आणि कान काही मिटता येत नाहीत.

"पाय धरून फरफटत ओढलंस. कोपर सोललं बघ."

"गाडी खाली बसत होती."

"बसणारच. हवेच्या पिशव्यांवर उभी असते ती. एका पिशवीला चीर गेली, हवा सुटली, बसली."

"आणि तुम्ही तिच्याखाली पडून ती चीर शोधत होतात!"

"मग काय वरून दिसते?"

"शेजाऱ्यांकडे लोखंडी टेकू आहेत. ते तरी लावायचे."

"म्हणजे टेकू मागायला जाऊन, गाडी दगडावर मीच घातली हे त्या शेजाऱ्याला सांगू?"

"गॅरेजला न्या मग."

"एवढ्याशा चिरेला? संध्याकाळी रबर चिकटवतो. तू नुसता बॅटरीचा उजेड धर."

"परत तसेच खाली जाणार?"

"हो. आणि या खेपेला ओढू नकोस."

आता माझ्याने राहवेना. म्हटलं, "अरे शहाण्या, तिने ओढलं नसतं तर आज ती इथे तुझ्या मरणाचा दाखला घ्यायला बसली असती. गाडीखाली डोकं घालण्यापेक्षा शेजाऱ्यापुढे मान खाली घाल."