डावं बटन

सीताबर्डीच्या दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढं एक म्हातारं जोडपं होतं. काउंटरवर दुकानातल्या टीव्हीला जोडलेला जुना लाकडी डबा, त्याला फिरवायची दोन बटनं.

“चला ना जी. टीव्हीवर चेंडू पळून राहिला, आता काय राहिलं?”

“थांब वं. यानं दोन्ही बटनं सारखीच हलकी करून टाकली.”

“मग चांगलंच झालं.”

“काय चांगलं? तेव्हा आपल्याकडं असे गेम मिळत नव्हते. कोराडीच्या वीजकेंद्राच्या क्वार्टरात मी हा हातानं बनवला, अन् डावं बटन मुद्दाम जड ठेवलं.”

“काहून?”

“डावीकडं मी बसत होतो. पियुष जिंकला पाहिजे ना.”

“तो आता पंचेचाळीसचा आहे. घड्याळ नका पाहू सारखं, गाडी पाचले येते.”

“सहा वर्षांनी येऊन राहिला. भांडून गेलेल्या पोराशी काय बोलू? खेळू तरी. भाऊ, हे डावं बटन पुन्हा जड करून द्या.”

“राहू द्या. पियुषले ते तेव्हाच समजलं होतं.”

“तुले कोणी सांगितलं?”

“तुम्ही ड्युटीवर गेले का मी खेळत होती त्याच्यासंग. जड बटन सोताच घेतलं, मले कधी डावीकडं बसू नाही दिलं त्यानं.”