सर्कलमधून बाहेर

नाही, नाही, मागे वळायचं नाही साहेब, समोर बघा. मागचं बघायला आरसा दिलाय. तो काही करत नाहीये — तुमच्या सीटचा पट्टा चावतोय, चावू दे, पट्टा ड्रायव्हिंग स्कूलचा आहे. हं, क्लच. पूर्ण दाबा. पूर्ण म्हणजे पूर्ण, पाय झिजत नाही त्यानं. आता पहिला गिअर — हा तिसरा. तिसऱ्यावर गाडी उचलायला काय शर्यतीत निघालोय का आपण? हळू सोडा... हळू... घ्या, पडली बंद. पडू दे. तुमच्या आधीच्या त्या बाई, दाताच्या डॉक्टर, चार वेळा बंद पाडायच्या आणि दर वेळी माझ्याकडे असं बघायच्या, की मीच गाडीला काही केलंय. करा परत सुरू. आणि हात एवढे आवळू नका, स्टिअरिंग पळून जात नाही.

तर काय सांगत होते — फोन. स्कूलचे मालक म्हणाले, 'बाई, कोणीतरी तक्रारीचा फोन केला होता.' कोणीतरी! अहो, सर्कलमध्ये मधल्या हिरवळीवर गाडी चढवून परीक्षकाचं डोकं टपाला आपटवणारं ह्या शहरात दुसरं कोण आहे हो? घाबरू नका, सायकल आहे पुढे, तिला जाऊ द्या. मी काय चावणार नाही तुम्हाला, चावायला मागे बसलाय तो. गाडीत कुत्र्याचा वास येतो म्हणालात — येतो. सीटवर केस असतात — असतात. आणि बाईंनी आम्हाला सर्कल कधी दाखवलंच नाही म्हणालात — आता ह्यावर मी काय बोलू? नाही दाखवलं. दुसरा घाला आता, गाडी ओरडतेय, ऐकू येत नाही का?

तुम्हाला कधी प्रश्न नाही पडला, की रिव्हर्समध्ये गाडी लावायला आपण रोज त्या पिवळ्या इमारतीसमोरच का जातो? 'तुम्ही लावा, मी आलेच' म्हणून मी कुठे जायचे? बाथरूमला? दिवसातून पाच-पाच वेळा? काय माणसं असता तुम्ही, ऑफिसात एवढा हुद्दा आणि डोक्यात एवढंसं नाही येत! माझं घर आहे ते, वर, तिसऱ्या मजल्यावर. हे ध्यान वर कोंडलेलं असायचं. एवढंसं पिल्लू किती वेळ कळ काढणार? म्हणून प्रत्येकाच्या शिकवणीत धावत वर जायचं, ह्याला खाली झाडापाशी न्यायचं, पुसायचं, परत कोंडायचं — आणि तोपर्यंत तुम्ही खाली पुढे-मागे, पुढे-मागे. माझे विद्यार्थी काडेपेटीएवढ्या जागेत गाडी बसवतात, विचारा कोणालाही. बाकी रस्त्यांच्या नावानं बोंब. दोघं नापास झाले सर्कलवर, तुम्ही तिसरे. मग म्हटलं, वर-खाली नको, गाडीतच घेऊन फिरू, म्हणजे तुम्हाला जरा शहर दाखवता येईल. तर तुमचा फोन.

ही हौस माझी नाही हो! ही आमच्या कन्येची. लग्न होऊन लांब गेली, आणि एक दिवस टोपलीतून हे पाठवलं — 'आई, तुला सोबत होईल.' सोबत! तोपर्यंत रोज संध्याकाळी फोन करायची, जेवलीस का, गुडघा कसा आहे. आता आठवड्यातून एकदा करते, आणि तोही ह्याच्यासाठी. 'आई, त्याला रूटीन लाव. आई, त्याला एकटं ठेवू नकोस, मनावर परिणाम होतो.' त्याच्या मनावर! मी म्हटलं, बरं. आरसा बघा. आरसा बघायचा म्हणजे स्वतःचे केस नाही बघायचे, आहेत किती ते. मागचा टेम्पो बघायचा.

आणि मैत्रिणी — त्यांचं तर विचारूच नका. शुक्रवारी आमचा पत्त्यांचा डाव असतो. असायचा. ह्याला घेऊन गेले एकदा, तर ह्यानं बदामाची राणी खाल्ली. खाल्ली म्हणजे चघळली, परत दिली ना! ओली होती, एवढंच. तर ती ज्यांच्या घरी डाव ती — सोफ्यावर पाय घेऊन बसलेली, जसं काही वाघच शिरलाय घरात — म्हणाली, 'तू ये गं, पण एकटी ये.' एकटी कशी येणार? अर्ध्या डावातून उठून घरी पळायचं? दोन शुक्रवार गेले नाही, तर माझ्या खुर्चीवर शेजारीण बसली पण. चिडतेसुद्धा माझ्यासारखीच म्हणे. गेल्या खड्ड्यात. डावीकडची गाडी जाऊ द्या... शाबास. शाबास म्हटलं की लगेच पाय ढिला सोडायचा नसतो.

हं, आलं सर्कल. बघा नीट, हे असं असतं. मधे हिरवळ असते, तिच्यावर जायचं नसतं. ऐका — आत जो आधीपासून फिरतोय त्याचा मान पहिला, मग तुम्ही. तिसरा रस्ता आपला. तो रोपवाटिकेचा बोर्ड दिसतो का, तिथे. तिथली बाई ह्याला घेणार आहे. हो, आजच. मालक म्हणाले, सोमवारपासून एक तर गाडीत कुत्रा नाही, नाही तर तुम्ही नाही. मग म्हटलं, साहेबांचं सर्कलही होईल आणि हेही उरकेल, एकाच पेट्रोलात. मोठं अंगण आहे तिच्याकडे, आधीची दोन कुत्री आहेत, दिवसभर ती घरीच. ह्याला काय, दोन दिवसांत विसरेल. कुत्रंच आहे शेवटी. चला, आता! आता, आता — गेला. तुमचा रस्ता गेला, साहेब, इंडिकेटर द्यायला काय मुहूर्त बघत होता? असू दे. सर्कलमध्ये हे एक बरं असतं, चुकलेला रस्ता परत समोर येतो. फिरा एक फेरा.

काय? रडत नाहीये तो, ही त्याची कुरकुर आहे. मी पुढे बसते आणि तो मागे, हे त्याला पटत नाही. घरी कुलपात किल्ली घातली ना, की आतून दारावर नखांचा आवाज सुरू होतो. खरखर, खरखर. दाराचा रंग गेला पार. पूर्वी कसं होतं — किल्ली फिरवायची, दिवा लावायचा, आणि आपणच आपल्याला म्हणायचं, चला, आलो बाई घरी. मोठ्यानं म्हणायचे मी, सांगते काय. भिंतींना. आता म्हणावं लागत नाही, एवढंच. फार काही नाही त्यात. हात सुटा ठेवा, किती घाम आलाय तुम्हाला! परत चुकला रस्ता? नाही, आता तुमची चूक नाही, मीच बोलत बसले. फिरा.

ती बघा, फाटकाशी उभी आहे, डोळ्यांवर हात धरून. चांगली आहे बाई. नाव काय ठेवू विचारत होती. मी म्हटलं, नाव नाहीच ठेवलं, ध्यान म्हणते, ध्यान म्हटलं की येतो. तर म्हणाली, 'शी, हे काय नाव! मी छान काहीतरी ठेवीन.' ठेव. हं, इंडिकेटर. छान. वेग कमी... अगदी बरोबर, साहेब, अगदी...

ब्रेक मी दाबला. तुम्ही नाही, मी. माझ्या पायाखालीही असतो एक, तो कशासाठी असतो? वाजवू दे मागच्याला हॉर्न. इंडिकेटर बंद करा. पुढे चला. सांगते ना, सरळ पुढे, फिरा! तुम्ही हात कशाला दाखवताय तिला, ओळख आहे का तुमची? काय म्हणालात? तक्रार मागे घेता? मुळीच घ्यायची नाही. खरी होती ती. फी घेऊन तुम्हाला एका इमारतीसमोर पुढे-मागे नाचवलं मी, मालकांनी काढलंच पाहिजे. काढण्याआधी मीच जाते, तेवढी तरी शोभा राहील.

त्या झाडाखाली घ्या कडेला. आरसा... इंडिकेटर... थांबा. हँडब्रेक. बघितलंत? न सांगता लावलात. सर्कलवर आता कोणी नापास करत नाही तुम्हाला, हिरवळीवर जायचं असेल तर मुद्दाम जावं लागेल. उतरा. बस पलीकडून मिळते. मी जाते मालकांकडे, गाडी आणि किल्ली देऊन टाकते. तिथून चालत जाईन, ह्यालाही फिरवायचं असतंच. पुढे काय ते माझं मी बघेन, तोंड पाडून तुम्ही कशाला बसलाय? तुमची परीक्षा आहे, तुमचं बघा. जा. आणि दार — अहो, दार हळू लावा! आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा.