एकसारख्या दोन डिस्क

नाही नाही, ती नको — ती ठेवा बाजूला, ती बंद आहे. तुमची ही. दिसायला सारख्याच आहेत, कंपनी एक, साइझ एक, पण ती गेलेली आहे आणि ही ठणठणीत आहे, जाहिरातीत लिहिलंय तशी. लावा ना, खुशाल लावा तुमच्या लॅपटॉपला आणि बघून घ्या — केबल आणलीय ना? मग झालं. थांबा, टेबलावर जागा करतो. हे कागद बायकोचे आहेत, ह्यांची घडी नाही घालायची, नुसते अलगद उचलायचे, घडी पडली की माप चुकतं म्हणते ती. कामाला गेलीय बाहेर. यायला वेळ आहे तिला. पण आपण आपलं उरकून घेऊ. घाई अशी काही नाही — म्हणजे आहे थोडी.

आली स्क्रीनवर? काय म्हणतेय — तब्येत उत्तम? बघा, मी सांगितलंच होतं. हो, लिनक्स आहे तिच्यावर. चालू केलंय एकदाच, त्यानंतर हातही लावला नाही. का म्हणजे? नाही जमलं. नाही, विकायचं कारण तसं काही नाही, पडून आहे म्हणून — आता तुम्ही विचारताय म्हणून सांगतो, नाहीतर सांगण्यासारखं काय आहे त्यात. आमच्या ऑफिसात मी जुनी कागदपत्रं सांभाळतो, सव्वीस वर्षं झाली. गेल्या वर्षी वरून आदेश आला, सगळी मशीन जुनी सिस्टिम सोडून लिनक्सवर जाणार आणि दोन महिन्यांनी प्रत्येकाची परीक्षा. आता बावन्नाव्या वर्षी परीक्षा! बाकीची सगळी माझ्या निम्म्या वयाची, पटापट बटणं दाबणारी. त्यांच्यासमोर ‘हे कुठून उघडायचं हो’ असं विचारत बसायचं? मी म्हटलं, घरी शिकायचं गुपचूप, आणि तिथे तयार होऊनच जायचं.

पण घरात कॉम्प्युटर एकच, आणि तो माझा नाही, हिचा. ही पॅटर्न काढते कपड्यांचे. साधे नाही — ज्यांना दुकानातले कपडे बसत नाहीत त्यांचे. एक खांदा खाली असलेले, चाकाच्या खुर्चीत दिवसभर बसणारे, एक हात आखूड असलेले. ते कपडे असे बेतायचे की अंगावर गेल्यावर काही वेगळं दिसता कामा नये. माप घ्यायलाच तास लागतो, मग कागदावर, मग कॉम्प्युटरवर, मग नेसवून-घालून बघायचं आणि परत सुधारायचं. अकरा वर्षांचं काम होतं त्या मशीनमध्ये. होतं म्हणजे — हो, होतं.

तर माझा मेहुणा, हिचा धाकटा भाऊ, त्याला यातलं सगळं कळतं, निदान त्याला तसं वाटतं. तो म्हणाला, भावोजी, एका मशीनमध्ये दोन्ही राहतात, दुसरी डिस्क घ्या, तिच्यावर लिनक्स टाका, चालू करताना मशीनच विचारेल हे हवं की ते. ताईच्या कामाला धक्काही लागणार नाही. मी घेतली डिस्क. दुकानदार म्हणाला, मशीनमधल्या जुन्या डिस्कसारखीच घ्या, म्हणून अगदी तसलीच घेतली. आणि मग सुरू झाला तो छळ. पहिला रविवार गेला पेनड्राइव्ह बनवण्यात — बनवला, लावला, मशीन ओळखच दाखवेना. का? तर म्हणे बनवताना खूण चुकीच्या जागी केली. दुसरा रविवार — पेनड्राइव्ह बरोबर, पण मशीनला पेनड्राइव्हवरून सुरूच व्हायचं नव्हतं. कुठल्याशा निळ्या पानावर जायचं, त्यासाठी चालू करता करता एक बटण टकटक दाबायचं, ते बटण कुठलं हे कुठेच लिहिलेलं नाही. आणि बंद केलं तरी ते मशीन खरं बंदच होत नाही, अर्धवट झोपलेलं असतं, हे माहीत होतं तुम्हाला? तुम्हाला असेल. मला कोण सांगणार? ही दर तासाला येऊन दारात उभी — झालं का हो, मला एक पॅटर्न पाठवायचाय. रागवायची नाही, विचारून नुसती उभी राहायची. त्यानं माझं डोकं अजूनच फिरायचं.

तिसऱ्या रविवारी मेहुण्याचा फोन. भावोजी, एक करा, टाकायच्या वेळेला जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, म्हणजे चुकूनसुद्धा काही होणार नाही. आता यात वाईट काय होतं? काहीच नाही. सरळ साधा सल्ला. पण कॅबिनेटचा एक स्क्रू आधीच घासला गेला होता, झाकण मी नुकतंच मोठ्या मुश्किलीनं बसवलं होतं, आणि त्याचं ते ‘भावोजी, एक करा’ — माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, लग्नात माझे बूट लपवून हिंडत होता. मी म्हटलं, हो हो, काढली केबल. नव्हती काढली.

मग मशीन विचारतं, कुठल्या डिस्कवर टाकू? दोन ओळी. कंपनी तीच, साइझ तीच, फक्त एकीच्या शेवटी ए आणि दुसरीच्या शेवटी बी. तुम्ही काय समजला असता? ए म्हणजे पहिली, म्हणजे जुनी. बी म्हणजे दुसरी, म्हणजे आपली. कोणीही हेच समजेल. पण नवी बसवताना एक केबल आखूड पडत होती, म्हणून मी दोन्ही केबली आपसात बदलल्या होत्या — मीच, ह्याच हातांनी — आणि ते ए-बी कुठली डिस्क आधी आली यावर नसतं, कुठल्या खाचेत लावली यावर असतं. सगळं पुसून टाकू का, विचारलं त्यानं. मी म्हटलं, पूस. वर ‘नक्की?’ असंही विचारलं. मी म्हटलं, नक्की. आणि चहा करायला गेलो. खुशीत होतो. हिलाही अर्धा कप दिला.

हो. तीच ही. तुमच्या हातात आहे ती.

काय सांगणार? मेन्यू आला तेव्हा त्यात एकच नाव, लिनक्स, दुसरं काहीच नाही. ही आत आली, काय झालं म्हणाली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं — डिस्क गेली. तुझी जुनी डिस्क. किती वर्षं झाली होती तिला, गेली. मी तसं ठरवून नाही बोललो. निघून गेलं. आणि ती काय म्हणाली माहितीये? ‘जाऊ दे, तुम्ही नका मनाला लावून घेऊ, वस्तूच ती.’ मला समजावत होती. मला. ओरडली असती तर मी सांगितलं असतं, खरंच सांगितलं असतं, पण ती समजावत बसली, मग कसं सांगायचं? जुनी काढून कपाटात टाकली, नव्या डिस्कवर तिचे प्रोग्रॅम परत बसवून दिले — रिकामे. परीक्षेचा अभ्यास मी ऑफिसातच केला, ऑफिस सुटल्यावर थांबून. पास झालो, पहिला आलो. तिनं ते प्रमाणपत्र भिंतीला लावलंय. तिकडे बघू नका.

ती बंद डिस्क? ती ऑफिसच्या भंगारातून आणली, परवा. कशाला म्हणजे — आता हे बघा. हिच्या एका गिऱ्हाइकानं कुणाचा तरी नंबर दिला, गेलेल्या डिस्कमधलं काढून देणारा. ही इतकी हरखली. म्हणाली, सोमवारी नेऊन देते, कपाटातली काढून ठेवा. आता तो माणूस ती लावणार आणि पहिल्याच मिनिटाला सांगणार, बाई, डिस्क चांगली आहे, कुणीतरी पुसून वर लिनक्स टाकलंय. मग? म्हणून ती बंदवाली तिला द्यायची आणि ही तुम्हाला. सात महिने मी — हे मी तुम्हाला कशाला सांगतोय? तुम्ही डिस्क घ्यायला आलात. घ्या तुम्ही.

हो, करा ना टेस्ट. कसली आहे? पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळीकडे लिहून बघते? सगळीकडे म्हणजे सगळीकडे, जुनं काही उरत नाही? बरंय. चांगलं आहे. करा.

नाही, त्यावर काही महत्त्वाचं नाही. म्हणजे... तुम्ही असे बघू नका. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणताय. लिनक्सनं एवढासाच कोपरा व्यापला, बाकीचं खाली तसंच असणार, नुसती यादी पुसली गेलीय, वर काही लिहिलं नाही तर बरंचसं परत येतं. मला माहीत आहे. त्याच संध्याकाळी वाचलं मी. हो, त्याच संध्याकाळी. म्हणूनच तर हात लावला नाही तिला त्यानंतर, जपून ठेवली, फडक्यात गुंडाळून. सात महिने मला माहीत होतं की तिचं काम त्या कपाटात आहे, आणि ती इथे ह्या टेबलावर रोज पुन्हा पहिल्यापासून रेघा ओढत होती, आणि मी तिच्यासाठी पट्टी धरत होतो.

आज ती एका गाण्याच्या बाईंकडे गेलीय. पाठीचा कणा वाकलाय त्यांचा, दहा मिनिटांच्या वर उभं राहवत नाही. चार वर्षं त्यांचा पॅटर्न थोडा थोडा सुधारत आणला होता हिनं, शेवटच्या खेपेला त्या म्हणाल्या, आरशात मी सरळ दिसते. तो गेला. आता परत माप. तास तर लागणारच, मध्ये मध्ये बसवत बसवत. सकाळी निघताना म्हणाली, मला लाज वाटते हो त्यांना परत उभं करायला, माझ्या निष्काळजीपणामुळे, कॉपी काढून ठेवली नव्हती म्हणून. माझ्या म्हणजे — तिच्या.

दाबलंत? नाही ना? थांबा, हात काढा तिथून. काढा हात. केबल काढा आधी. द्या ती इकडे. नाही, किमतीचं काही नाही, तुम्ही जास्त दिलेत तरी नको. तुमचा वेळ घालवला, चूक झाली माझी, पण नाही विकायची.

एक मिनिट, हिला फोन लावतो. — हॅलो. मीच. पोचलीस? मापं घ्यायला सुरुवात केलीस का? ... उभ्या आहेत? मग बसव त्यांना. बसव आधी. नाही, घरी सगळं ठीक आहे. तुझ्या भावाला काही झालं नाही, कुणाला काही झालं नाही. तूही बस. ... अगं बस ना जरा, सांगतो. ती डिस्क आहे ना आपली, जुनी —

तुम्ही या आता. प्लीज.