काचेवरची काळी पट्टी

(घरासमोरची गल्ली. दोन उभ्या गाड्यांच्या मधे एका गाडीपुरती जागा मोकळी. वहिनी स्टिअरिंगपाशी, नणंद शेजारी.)

वहिनी: परत बंद पडली.

नणंद: पडणारच. क्लच नुसता अंगठ्याच्या टोकाने दाबतेस. पाऊल टेकव की नीट.

वहिनी: पोचतंय तेवढं टेकवतेय.

नणंद: मग सीट पुढे घे. तासभर घसा कोरडा करतेय मी.

वहिनी: सीटचं नंतर बघू, वन्सं. आधी खुणा म्हणून दाखवते, चुकलं तर सांगा. पुढच्या गाडीच्या बरोबरीला, हातभर अंतर सोडून उभं राहायचं. सरळ मागे यायचं. मागच्या डाव्या काचेवर ह्यांनी चिकटवलेली काळी पट्टी आहे ना, तिच्याशी त्या गाडीचा बंपर आला की थांबायचं आणि स्टिअरिंग पूर्ण डावीकडे. उजव्या आरशात मागच्या गाडीचे दोन्ही दिवे दिसले की सरळ. आपल्या बॉनेटचं टोक पुढच्या गाडीला पार झालं की पूर्ण उजवीकडे.

नणंद: पाढे अगदी दादासारखे म्हणतेस. गाडी तेवढी पाढ्यात बसत नाही.

वहिनी: हसा तुम्ही. पाच वाजता एक माणूस गाडी विकत घ्यायची म्हणून बघायला येतोय. तुमचा भाचा म्हणाला, "आई, लायसन्स काढलंस ते ठीक, पण गल्लीत लावता येत नसेल तर दारात शोभेला ठेवायची का? तो माणूस यायच्या आत लावून दाखव, नाहीतर विकू." मला नाही विकायची, वन्सं. ह्यांच्यामागे मला कुठे जायचं झालं की कुणाच्या तरी सवडीने जावं लागतं.

नणंद: भाच्याला म्हणावं, तुझ्या बापाने गाडी घेतल्या घेतल्या दूधवाल्याची सायकल आडवी केली होती.

वहिनी: मला कधी बोलले नाहीत.

नणंद: कसा बोलेल? घरी सांगू नको म्हणून मला दोन आइस्क्रीम चारली होती. तेव्हा लावली ती पट्टी. मग मला शिकवायला घेतलं, शाळेच्या मैदानात दोन पिंपं ठेवून. पिंपाला धक्का लागला की म्हणायचा, "माफी माग त्याची." आणि मी मागायचे, वेडी.

वहिनी: पट्टी एवढी पक्की होती, तर मला का उतरवायचे दर वेळी? दवाखाना असो, कुणाचं लग्न असो. "उतर, मागे उभी राहा, हात दाखव." मी आपली भर उन्हात, या, या, अजून या, बस.

नणंद: मीही विचारलं होतं एकदा. म्हणाला, "आरशात ती दिसते ना."

वहिनी: एवढंच?

नणंद: वर म्हणाला, "हात दाखवताना स्वतःशीच काहीतरी पुटपुटते. ते बघायचं असतं."

वहिनी: आणि मी इतकी वर्षं समजत होते, माझ्यावाचून ह्यांची गाडी लागत नाही.

नणंद: रडू नको. काच पुसट दिसेल. आता खरं सांग, सीट का हलवत नाहीस?

वहिनी: पट्टी त्यांच्या डोळ्याची आहे. काल पाठीशी उशी घेऊन पुढे सरकून बसले, तर बंपर आधीच पट्टीवर आलेला दिसला. वळवली, आणि पुढच्या गाडीला घासता घासता राहिली.

नणंद: म्हणजे पट्टीसाठी पाय ताणतेस?

वहिनी: तेवढंच नाही. वर्ष झालं, वन्सं. कपाट रिकामं केलं, चष्मे देऊन टाकले. ही एकच जागा त्यांच्या मापाची उरलीय. इथे बसलं की बरं वाटतं. एकदा हलली की मला परत सापडायची नाही.

नणंद: अगं, दादा सहा फुटी. तू स्टुलावर उभी राहिलीस तर कुठे त्याच्या कानाला लागायचीस. त्याची खूण तुला कशी चालेल? मला तर त्याने ती पट्टी वापरूच दिली नव्हती. साबणाचा तुकडा हातात दिला. म्हणाला, "तुझ्या डोळ्याला बंपर कुठे दिसतो तिथे रेघ मार." शिकून झाल्यावर मीच पुसली ती.

वहिनी: असं म्हणाले?

नणंद: साबण नाही, पण पर्समध्ये लिपस्टिक आहे. महागातली आहे, जपून.

वहिनी: तुम्ही जरा तिकडे बघा.

नणंद: बघते.

वहिनी: एक. दोन. तीन... सीट सहा खाचा पुढे. अगबाई, क्लच एवढा खाली जातो होय.

नणंद: शाबास. आता मी उतरते. हळू मागे घे. आणखी. थांब. आपलं मागचं चाक पुढच्या गाडीच्या बंपरच्या रेषेत आलं. आता तिथून बघ आणि मला सांग, रेघ कुठे मारू?

वहिनी: जरा पुढे. अजून थोडी. तिथेच.

नणंद: चार बोटं पुढे आली की पट्टीच्या.

वहिनी: पट्टी काढायची का?

नणंद: राहू दे. कुणाच्या पोटात दुखतंय? जा, पुढे नेऊन पहिल्यापासून ये. मी फुटपाथवर उभी राहते. चकार शब्द बोलणार नाही.

वहिनी: आली रेघेवर. डावीकडे, पूर्ण. दिवा एक... दोन्ही. सरळ. टोक अजून नाही. अजून नाही. झालं पार. उजवीकडे. वन्सं, बोला ना काहीतरी. वन्सं?

नणंद: उतरून बघ. फुटपाथपासून वीतभर.

मुलगा: (जिना उतरून येत) आई? आत्याने लावून दिली ना?

नणंद: माझी फक्त लिपस्टिक गेली.

मुलगा: एका दमात लावलीस? सीट... सीट पुढे घेतलीस तू?

वहिनी: घेतली. का रे, राग आला?

मुलगा: नाही. रोज जिन्यावरून उतरलो की काचेतून ती मागे गेलेली सीट दिसायची. वाटायचं, बाबा आत्ताच उतरून कुठेतरी गेलेत. मला बघवत नव्हतं. म्हणून विकू म्हणत होतो.

वहिनी: आणि मला वाटलं, आईला जमणार नाही म्हणून.

मुलगा: तेही होतं थोडं.

वहिनी: वर्षभर एका ताटात जेवलो आपण, आणि हे तू मला आज सांगतोस.

मुलगा: तू तरी कुठे सांगितलंस? तो माणूस निघालाय, आई. काय सांगू त्याला?

वहिनी: येऊ नका म्हण. वन्सं, तुम्ही मागे बसा. तू इकडे ये, माझ्या शेजारी. मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊन येऊ.

मुलगा: आत्ता? एवढ्या रहदारीत?

वहिनी: पट्टा लाव.