चाकांचं खुराडं

चाकं का काढली विचारता, म्हणून सांगतो. आमच्या मंडळींचे गुडघे दुखतात, खुराडं झाडायला वाकवत नाही. म्हणून मी बिनतळाचं खुराडं केलं, खाली चाकं लावली. रोज थोडं पुढं ढकललं की घाण मागं राहते, झालं.

श्रीगोंद्याचे व्याही बघायला आले.

"पाव्हणं, ह्ये खरंच चालतं व्हय?"

आत न डोकावता मी ऐटीत ओढलं. चुलीपासून मंडळी ओरडल्या, "अवो, थांबा!"

मला वाटलं, माझ्या कमरेची काळजी. "काय न्हाई हुत!" म्हणत आणखी ओढलं.

"अवो, सकाळीच खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवलीय!"

मागची फळी अंड्यांवरून गेली होती. कोंबडी वाचली.

खुराडं पुढं गेलं, पण ती तीन दिवस त्याच रिकाम्या जागी बसून राहिली. चौथ्या दिवशी मी चाकं काढली.