धुरा किती राह्यला?

(धामणगाव बढे. घरामागची जुन्या खळ्याची जागा. आजी आन् अकरावीतली नात.)

मयुरी : नाही म्हंजे नाही, आजी. उद्या मलकापूरले जात नाही मी. गणिताचा पेपर देत नाही. सरळ आर्ट्स घेते.

जनकाबाई : घे न! साऱ्या गावात सांगत फिरली मी, माही नात इंजिनेर होते म्हनून. आता हे तोंड कोनत्या पदरात लपवू?

मयुरी : तुले तोंडाचं पडलं! वजा एकशेवीस अंशाचा संदर्भकोन, म्हंजे जवळच्या रेघेपासून किती अंश, ते विचारलं सरनं. मी तीस म्हटलं. पुरा वर्ग हासला.

जनकाबाई : कोन हासलं? नावं सांग. आन् उत्तर काय होतं?

मयुरी : साठ. काऊन, तेच समजून नाही राह्यलं.

जनकाबाई : वजा म्हंजे काय वं?

मयुरी : घड्याळाच्या काट्यासारखं फिरायचं. उगवतीच्या रेघेवरून निघायचं, दक्षिणेकडून.

जनकाबाई : म्हंजे आपल्या खळ्यावानी. हा दोर धर, मधात उभी राह्य. तू मेढ, मधला खांब; मी बैल.

मयुरी : आजी, लोक पाहतीन!

जनकाबाई : पाहू दे. नवी नवरी होती तवा इथंच बैलामागं फिरली मी. आता मशीन येते, घटकेत ढीग पाडते, घरभर धूळ करून जाते. चालू का?

मयुरी : चाल... नव्वद झाले. आनखी थोडं. बस, थांब! हे एकशेवीस. आता पाह्य, ही उभी रेघ तीसवरच हाये. जवळची तीच न?

जनकाबाई : उभी रेघ कोनाची? खळ्यात रेघ एकच, धुऱ्याची, म्हंजे बांधाची. उगवती ते मावळती. तुहे आबा भर चकरीत बैल कधी सोडत नसत. धुऱ्यावर आल्यावरच जू उतरे. मी थकली का मेढीपाशी दोर धरून हासत विचारत, "धुरा किती राह्यला वं?"

मयुरी : थांब, थांब. मावळतीचा धुरा एकशेऐंशीवर... त्यातून एकशेवीस गेले... साठ! आजी, साठ! उभ्या रेघेपासून मोजतच नाहीत!

जनकाबाई : मंग तुहं वजा कुठं गेलं?

मयुरी : ते फिरन्याचं होतं. किती राह्यलं, त्याले वजा नसते.

जनकाबाई : जाशीन न उद्या?

मयुरी : पह्यल्या गाडीनं. सोड आता दोर, हात सोलला तुहा.

जनकाबाई : धरून राह्य घटकाभर. लय वर्सानं दुसऱ्या टोकाले कोनी हाये.