दादांचे अंदाज आणि आमच्या सौ.चं लायसन्स

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजेच आपल्या ड्रायव्हिंग स्कूलचे संचालक. प्रमुख पाहुणे, ज्यांनी परीक्षक असताना आपल्या निम्म्या विद्यार्थ्यांना घाम फोडला ते साहेब. व्यासपीठावर संकोचून बसलेले, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती, आपले दादा. त्यांच्या शेजारी वहिनी. माझे सहकारी शिक्षक, आजी-माजी विद्यार्थी, आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या आमच्या सौभाग्यवती, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी फार वेळ घेणार नाही. हे वाक्य ऐकून दादा हसले, पाहिलंत? त्यांचं म्हणणं असं, की ‘फार वेळ घेणार नाही’ म्हणणाऱ्या दहा वक्त्यांपैकी नऊ जण चहा गार करतात. दहाव्याचा घसा बसलेला असतो.

कालच त्यांनी मला सांगितलं होतं, “कार्यक्रम पाचचा आहे ना? तू साडेपाचला ये. आपला एकही कार्यक्रम आजवर वेळेवर सुरू झालेला नाही.” यांचं ऐकायचं नाही म्हणून मी मुद्दाम पाचला आलो. अर्धा तास मी आणि माइकवाला एकमेकांकडे बघत बसलो. साडेपाचला दादा आले, ताजेतवाने होऊन.

माझ्या आधीच्या वक्त्यांचं दादांच्या संयमाबद्दल बोलून झालं, मृदू स्वभावाबद्दल बोलून झालं. त्यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही, आणि खरं सांगू का, तशी इच्छाही नाही. मला दादांचा हेवा वाटतो. ‘वाटायचा’ म्हणालो असतो तर समारंभाला शोभून दिसलं असतं. पण वाटतो. आत्ता तो भलाथोरला पुष्पगुच्छ त्यांच्या मांडीवर बघूनही पोटात दुखतंय.

का दुखू नये? आम्ही दोघं एकाच ऑफिसात शेजारी शेजारी बसलो. दोघांकडे सारख्याच गाड्या, दोघांच्या पायाखाली तो शिक्षकाचा जादा ब्रेक. गाडी मागे घेऊन दोन गाड्यांमध्ये लावायला माझ्याइतकं चांगलं इथे कोणी शिकवत नाही. अध्यक्ष मान हलवतायत, म्हणजे हे अधिकृत झालं. तरीही नवा माणूस काउंटरवर आला की विचारणार काय? “ते अंदाज सांगणारे काका कुठे आहेत?” मी तिथेच बसलेला असायचो. माझ्याकडे बघायचे आणि विचारायचे, “ते कधी येतील?”

हे अंदाज म्हणजे काय, ते नव्या लोकांसाठी सांगतो. मी शाळेत जेवढं गणित शिकलो, त्यावरून माझं मत असं होतं, की परीक्षेत माणूस पास होतो किंवा नापास होतो. दोनच गोष्टी. मग शक्यता निम्मी-निम्मी. नाण्यासारखी. हे मी दादांना ऐकवलं, तेव्हा ते म्हणाले, “नाण्याच्या दोन्ही बाजू सारख्या असतात रे. माणसाच्या कुठे असतात? आधी तशी माणसं आली होती ना, त्यांचं काय झालं ते बघायचं. दहातली किती पास झाली? बस. पुढच्याचा अंदाज तोच.”

आणि बघायचे काय, तर भलतंच. माझं लक्ष स्टिअरिंगवरच्या हातांकडे असतं. दादा बघायचे, गाडी बंद पडल्यावर माणूस काय करतो. कोणी गाडीला नावं ठेवतो. कोणी शिक्षकाच्या तोंडाकडे बघतो. कोणी चकार शब्द न काढता पुन्हा चावी फिरवतो. दादांच्या अनुभवात चावी फिरवणाऱ्या दहांतले आठ पहिल्या फटक्यात पास होतात. तोंडाकडे बघणाऱ्यांतले तीन. गाडीला नावं ठेवणाऱ्यांचा आकडा मी सांगत नाही, त्यातले काही इथे बसले आहेत.

एकदा त्यांचा एक चावी फिरवणारा नापास झाला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! अख्ख्या ऑफिससमोर मी म्हणालो, “दादा, चुकलात!” दादा शांतपणे म्हणाले, “आठ पास होतात म्हणजे दोन नापास होतात, हेही मीच सांगितलं होतं की. हा त्यातला.” आता अशा माणसाला पकडायचं कुठे? अंगाचा तिळपापड होतो. लोकांना मात्र कौतुक. का? कारण पुढच्या महिन्याभरात चावी फिरवणाऱ्या दहांतले आठच्या आसपास खरंच पास होतात.

हे सगळं मी गिळलं असतं. एकाच धंद्यातली दोन माणसं, चालायचंच. पण प्रकरण माझ्या घरात शिरलं.

आमच्या सौ.ना गाडी शिकायची होती. घरात शिकवणारा आयता होता. मी मोठ्या उत्साहाने सुरुवात केली. शेजारी बसून मी काय करायचो? फक्त सूचना द्यायचो. क्लच सोड, हळू सोड, आरशात बघ, आरशातच काय बघत बसलीस, पुढे बघ. याला कोणी कटकट म्हणत असेल तर तो ज्याचा त्याचा प्रश्न. दर खेपेला गाडी बंद पडायची. परीक्षा दोनदा दिली, दोनदा नापास. दोन्ही वेळेला मी मैदानाच्या कुंपणापाशी उभं राहून हातवारे करत होतो, मार्गदर्शन म्हणून. प्रमुख पाहुण्यांना आठवत असेल. हो म्हणतायत.

मग एके दिवशी सकाळी चहा पिताना सौ. म्हणाल्या, “अहो, मी दादांकडे शिकणार आहे.”

मी म्हणालो, “कशाला? मी मेलोय का?”

“नाही. म्हणूनच.”

मंडळी, हसू नका. तुमच्या घरात घडलं असतं तर कळलं असतं.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी मी एका विद्यार्थ्याला घेऊन सिग्नलला थांबलो होतो. शेजारच्या रांगेत आपल्याच स्कूलची दुसरी गाडी येऊन उभी राहिली. चालवत होत्या सौ. शेजारी दादा, हाताची घडी घालून, खिडकीबाहेर बघत. आणि सौ. गात होत्या. काचा वर होत्या, आवाज आला नाही, पण ओठ हलत होते, मान डोलत होती, बोटं स्टिअरिंगवर ताल धरत होती. लग्नाला बावीस वर्षं झाली आमच्या. बाई गाते हे मला माहीत नव्हतं! मी त्या काचेतून बघत राहिलो आणि मला इतका राग आला, इतका मत्सर वाटला, की सिग्नल हिरवा झाल्याचं माझ्या विद्यार्थ्याला माझ्याऐवजी मागच्या हॉर्नने सांगितलं.

तेवढ्यात सौ.नी मान वळवली. मी दिसलो. आणि त्यांची गाडी जागच्या जागी बंद पडली.

संध्याकाळी दादा माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, “वहिनींची गाडी माझ्याबरोबर फारशी बंद पडत नाही. पण वाटेत तू दिसलास की पडते. आजची काही पहिली वेळ नव्हे.”

“योगायोग,” मी म्हणालो.

“एकदा असता तर मीही तेच म्हणालो असतो. परीक्षेला येऊ नकोस. तू नसशील, तर दहातले आठ.”

“आणि असेन तर?”

दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चहा मागवला.

परीक्षेच्या दिवशी मी ऑफिसात बसून राहिलो. गेलो नाही. का गेलो नाही? दादांचं पटलं म्हणून? छे. मी न जाता ती नापास झाली, तर दादा तोंडावर पडतील, या आशेने. तिथेही मी फसलो, कारण मनातून मला तिनं पास व्हावं असंही वाटत होतं. दोन्हीकडून माझाच जीव जात होता. ती पास झाली. पहिला फोन कोणाला केला असेल? दादांना. मला कळलं ते चहावाल्याकडून, तेही त्याला वाटलं मला आधीच माहीत असेल म्हणून.

मला नेमकं काय सलतं, ते आज दादा जाताना सांगून टाकतो. सौ. पास झाल्या, याचं मला दुःख नाही. पण मी नसताना माझी बायको कशी असते, हे या माणसाला माहीत आहे. मला ते कळायचं कसं? मी बघायला गेलो की मी तिथे असतोच! दादांनी तिच्या शेजारी बसून जे महिनाभर रोज पाहिलं, ते मला एका सिग्नलपुरतं दिसलं. याच्यापुढे त्यांचे सगळे अंदाज, सगळे विद्यार्थी मी त्यांना माफ करतो. हे करत नाही.

आज सौ. स्वतः गाडी चालवत आल्या आहेत. मला सकाळीच सांगितलं, “तुम्ही बसने या.” ड्रायव्हिंग शिकवणारा माणूस आज बसने आला! कार्यक्रम संपला की त्या दादांना आणि वहिनींना घरी सोडणार आहेत. मी परत कसं जायचं, याबद्दल अद्याप काही कळवण्यात आलेलं नाही.

म्हणून मघाशी, प्रमुख पाहुणे बोलत असताना, क्षमा करा साहेब, मी दादांकडे वाकून हळूच विचारलं, “दादा, मी शेजारी बसलो तर आज गाडी बंद पडेल का? शक्यता किती?”

दादा म्हणाले, “आजवर तू शेजारी बसलास तेव्हा काय झालं?”

“दर खेपेला बंद पडली.”

“आणि शेजारी गप्प बसलास, तेव्हा?”

साहेब, तुमचं बाकीचं भाषण मी ऐकलेलं नाही. मी आठवत होतो. बावीस वर्षं मागे जाऊन आलो. शेवटी म्हणालो, “तसं एकदाही झालेलं नाही.”

“मग त्याचा अंदाज मी कुठून सांगू?” दादा म्हणाले. “त्याबद्दल मला तुझ्यापेक्षा काहीच जास्त माहीत नाही.”

दादा, तुम्हाला माहीत नसलेली एक तरी गोष्ट निघाली, आणि ती माझ्या घरची निघाली, याचा मला किती आनंद झाला हे तुम्हाला कळायचं नाही. तुम्हाला निवृत्तीच्या शुभेच्छा देताना आज पहिल्यांदा माझा सूर जरा मोकळा लागतोय. खूप जगा, वहिनींना फिरवून आणा, आणि कृपा करून माझ्या घरातल्या कोणाला काही शिकवू नका.

अध्यक्षांनी बोलायची संधी दिली, साहेबांनी मोठ्या मनाने ऐकून घेतलं, आपण सगळ्यांनी चहा गार होऊ दिला, त्याबद्दल मी आपला आभारी आहे. बोलण्याच्या भरात कोणाला काही लागलं असेल तर सांभाळून घ्या. आणि तिसऱ्या रांगेतल्या बाईंना एक विनंती. दादांना त्यांच्या दारात सोडलं, की तिथून घरापर्यंत मला शेजारी बसू दे. रस्त्यात माझं जे काही चुकेल, त्याची माफी मी इथेच, या माइकवर मागून ठेवतो. कारण गाडीत मला बोलायचं नाही.